गोबर गॅस बांधावा का? आमच्या वाडीतला साडेचार वर्षांचा अनुभव

गणपतीत मुंबईहून आलेल्या चारपाच जणांनी तरी यंदा विचारलं की तुमच्याकडचा गोबर गॅस खरंच चालतो का, गावच्या घरी बांधू का, किती खर्च येतो, वास येतो का. प्रत्येकाला तेच तेच सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते. आमचं घर कुडाळ तालुक्यात, वाडीत अकरा घरं, त्यातल्या आठ घरांत आज गोबर गॅस आहे, सात चालू आणि एक बंद. आमचा २ घनमीटरचा, म्हणजे दिवसाला तेवढा गॅस देईल अशा मापाचा, दीनबंधू मॉडेलचा (जमिनीत पुरलेली विटांची घुमटाकार टाकी) प्लांट, २०२१ च्या मे महिन्यापासून रोज वापरतोय. पाचपैकी चार स्टार देईन. एक का कापला ते पुढे कळेलच.

आधी सगळ्यात महत्त्वाचं, कारण इथेच बहुतेक लोक फसतात. तुम्हाला सांगतील की २ घनमीटरला पाच जनावरं पुरे, एका जनावराचं दिवसाला दहा किलो शेण, पन्नास किलो शेण नि तेवढंच पाणी टाकलं की झालं. कागदावर बरोबर आहे. पण ही आपली कोकणातली जनावरं बारकी असतात आणि दिवसभर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, चरायला सुटलेली असतात, म्हणजे अर्धं शेण सड्यावरच पडतं, गोठ्यात मिळतं ते फक्त रात्रीचं. आमच्या दोन गाई, एक बैल नि एक पाडा मिळून सकाळी गोठ्यात पंचवीस किलोच्या आसपास भरतं, पावसात चारा हिरवा असतो तेव्हा तीसपर्यंत जातं आणि मे महिन्यात अठरा-वीसवर येतं. एक किलो शेणापासून साधारण चाळीस लिटर गॅस धरतात, म्हणजे पंचवीस किलोला एक घनमीटर, आणि एक बर्नर तासाला जवळजवळ अर्धा घनमीटर खातो, तेव्हा आमची शेगडी दिवसाला दोन-सव्वादोन तास चालते. यात सकाळचा चहा, पेज, दुपारचा भात-आमटी आणि रात्रीची कढी किंवा पिठी आरामात होते. पाच माणसांचं घर आहे आमचं. म्हणून माझा सल्ला, बांधायच्या आधी आठ दिवस पहाटेचं शेण वजन काट्यावर घालून लिहून ठेवा आणि त्या आकड्यावर साइज ठरवा, दावणीला किती जनावरं आहेत त्यावर ठरवू नका. मोठा बांधून अर्धा उपाशी ठेवण्यापेक्षा १ घनमीटरचा भरलेला बरा. आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं.

आता बांधकाम. आमच्या प्लांटची सुरुवात वाईट झाली ते मी लपवणार नाही. लॉकडाऊनमध्ये आम्ही डोंबिवलीहून कायमचे गावी आलो, सिलिंडर वेळेवर मिळत नव्हता, सासूबाईंचे डोळे चुलीच्या धुराने कायम लाल, म्हणून जानेवारी २०२१ मध्ये बाहेरून एक गवंडी बोलावला जो म्हणाला मी असले पन्नास बांधलेत. खड्डा खणायलाच चार दिवस गेले, वर दोन फूट माती नि खाली जांभा, पहारीने एकेक कपचा काढायचा. घुमटाला विटा बाहेरून आणाव्या लागल्या, चिऱ्यात तो गोल घुमट बसत नाही. त्याने काम उरकलं, पैसे घेतले आणि गेला. फेब्रुवारीत भरायला घेतलं. पहिली भरणी म्हणजे दोन टन शेण लागतं, हे कोणाच्याच एका गोठ्यातून निघत नाही, आम्ही वाडीभर फिरून घमेली घमेली गोळा केलं. सगळ्यांनी दिलं, कोणी एक शब्द बोललं नाही. आणि वीस दिवस झाले, पंचवीस झाले, गॅसच्या कॉकला कान लावला तरी सू नाही की फू नाही. साबणाचा फेस लावून बघितलं तर घुमटाच्या गळ्याशी, जिथे पाइप बाहेर येतो तिथे, फेसाचे फुगे फुटत होते. त्या गवंड्याला किती फोन केले, पहिले दोन उचलले मग उचललेच नाहीत.

त्या दिवशी मी खरंच रडले. दोन टन शेण नि तेवढंच पाणी आत आणि ते आता उपसायचं, मार्च संपत आलेला, ऊन असं की अंगणात पाय ठेववत नाही. संध्याकाळी समोरच्या घरातली काकी आली, तिने बघितलं आणि म्हणाली, "रडतंस कित्याक गो, उद्या सकाळी सगळी येतंव." आणि आली, खरंच सगळी आली, सकाळी साडेसहाला अकरा घरांतली सतरा माणसं बादल्या घेऊन अंगणात. दुपारपर्यंत टाकी रिकामी. ते सगळं उपसलेलं पोफळीच्या बागेत नि माडांच्या आळ्यात ओतलं, वाया काही गेलं नाही. आत कोणाला उतरू दिलं नाही, तोंड उघडं ठेवून आठ-दहा दिवस हवा खेळू दिली आणि मगच कमरेला दोरी बांधून, वर दोन माणसं उभी ठेवून शेजारच्या गावातला जाणता गवंडी उतरला. हे मुद्दाम लिहितेय. बंद टाकीत उतरून माणसं गुदमरून जातात, आणि काय आहे बघू म्हणून दिवा-काडी घेऊन तर कोणीही तोंडाशी जाऊ नये.

त्या गवंड्याने आतून पुन्हा गिलावा केला, वरून सिमेंटचे हात दिले, पाणी मारून मारून चांगलं पक्कं होऊ दिलं. बिल झालं ते झालं, पहिल्याच वेळी हाच माणूस बोलावला असता तर वाचलं असतं. एकूण आमचा खर्च चाळीस हजारांच्या वर गेला त्या डबल कामामुळे, नाहीतर तेव्हा तीस-पस्तीसात झाला असता. सरकारी अनुदान मिळतं पण रक्कम प्लांटच्या साइजवर आणि वर्षावर बदलत असते, म्हणून आकडा लिहीत नाही, पंचायत समितीच्या कृषी विभागात जाऊन विचारा आणि बांधायच्या आधी विचारा, बांधून झाल्यावर नाही.

एप्रिलमध्ये पुन्हा भरला, या वेळेला दुसऱ्या चालू प्लांटमधली दहा बादल्या जुनी रबडी, म्हणजे गॅस निघाल्यावर टाकीतून बाहेर पडणारं पातळ शेण, विरजणासारखी घातली, त्याने लवकर धरतं. पहिले काही दिवस जो गॅस येतो तो पेटत नाही, त्यात कार्बन डायऑक्साइडच जास्त असतो, तो सोडून द्यायचा. आणि मग मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी सासूबाईंनी काडी लावली, आधी नुसता फुस्स आवाज, मग निळी गोल ज्योत, एवढीशी, आणि सासूबाई ओरडल्या "पेटलो गो, पेटलो!" काकी धावत आली, तिच्या मागून पोरं, आणि त्या शेगडीवर पहिला चहा केला तो अकरा घरांसाठी केला. दूध कमी पडलं म्हणून अर्ध्यांना कोरा दिला. ती ज्योत अजून डोळ्यासमोर आहे, कडेला थोडी पिवळसर, मधे निळी, आणि आवाज अगदी बारीक, कोणी कानाशी बोलल्यासारखा.

त्यानंतर दहा दिवसांत तौक्ते आलं. १६ मे २०२१, सिंधुदुर्गातल्या कोणालाही तारीख सांगावी लागत नाही. आमच्या वाडीत सतरा माड नि कितीतरी पोफळी गेल्या, आंब्याची दोन कलमं मुळासकट, रस्ता बंद, लाइट गेली ती दहा दिवसांनी आली. सिलिंडरची गाडी यायचा प्रश्नच नव्हता. लाकडं म्हणाल तर अंगणात डोंगर पडला होता पण सगळी ओली, चूल पेटवली की नुसता धूर. तेव्हा वाडीत प्लांट दोनच होते, आमचा आणि वरच्या घरातल्या काकांचा, आणि त्या दोन शेगड्यांवर पाच दिवस वाडीची पेज शिजली. पाळी लावून. ज्यांच्या घरी तान्हं मूल त्यांचं पाणी नि दूध पहिलं, मग म्हाताऱ्या माणसांची पेज, मग बाकीच्यांचा भात. गॅस संपला की काकी टाकीवर दोन घमेली जास्त टाकायला निघायची आणि मी सांगायचे काकी आज टाकलेल्याचा आज गॅस होत नाही, आत मुरायला वेळ लागतो, तरी ती टाकायचीच. त्या पाच दिवसांनी जे झालं ते कुठल्या शिबिराने झालं नसतं. पुढच्या वर्षभरात आणखी सहा घरांनी प्लांट बांधले.

आणि इथून पुढे जे लिहितेय तोच माझ्या मते खरा रिव्ह्यू आहे. गोबर गॅस एका घराच्या जिवावर चालत नाही हो. तालुक्यात फिरा, जुने बंद पडलेले प्लांट किती दिसतात, घुमटावर गवत उगवलंय, इनलेटमध्ये, म्हणजे शेण टाकायच्या तोंडात, कोंबड्या बसल्यात. देशात सरकारचा बायोगॅस कार्यक्रम १९८१-८२ मध्ये सुरू झाला, दीनबंधू मॉडेलही १९८४ सालचं आहे, म्हणजे तंत्रज्ञान नवीन नाही, सिद्ध झालेलं आहे. बंद का पडले विचारलं तर उत्तर असतं गाय विकली, नवरा मुंबईला गेला, पाइप तुटला आणि कोणी दुरुस्त करणारा मिळाला नाही. म्हणजे प्लांट नापास नव्हता, एकटा पडला होता. आमच्याकडे २०२१ च्या दिवाळीत देवळाच्या सभामंडपात वाडीची बैठक झाली आणि दोनतीन गोष्टी ठरल्या त्यावर आजपर्यंत सगळं टिकून आहे.

एक म्हणजे वाडीतल्याच एका पोराला बायोगॅसच्या गवंडीकामाचं ट्रेनिंग घ्यायला पाठवायचं, त्याची मजुरी वाडीने द्यायची. तो आता आमचे आठही सांभाळतो आणि बाहेरच्या गावातही जाऊन बांधतो, त्याचं घर त्यावर चाललंय. महिन्याला प्रत्येक प्लांटवाल्या घराने पन्नास रुपये काढायचे ते पाइप, कॉक, शेगडीचे सुटे भाग यासाठी, पैसे बचत गटाच्या खात्यात. आणि तिसरी म्हणजे शेणाची वही.

ही वही आमच्या पडवीत खुंटीला टांगलेली असते, शंभर पानी, वर सुतळीला पेन्सिल बांधलेली. ज्याच्याकडे शेण जास्त झालं तो ज्याला कमी पडतं त्याला देतो आणि वहीत एक रेघ मारतो, एक घमेलं एक रेघ. परत केलं की रेघेवर आडवी काट. पैसे नाहीत. गाय व्यायली, आजारी पडली, कोणी चार दिवस लग्नाला गेलं, घरी पाहुणे आले, की शेणाचं गणित चुकतं, आणि टाकी चार दिवस उपाशी राहिली की पुन्हा जोर धरायला आठवडा जातो. वहीमुळे आमची एकही टाकी उपाशी राहिलेली नाही. वरच्या घरच्या काकांची मोत्यासारखी अक्षरं आणि माझ्या सासूबाईंच्या नुसत्या रेघा, त्यांना लिहिता येत नाही, पण चार वर्षांत त्यांचा हिशोब एकदाही चुकला नाही.

आमच्या बाजूला एक म्हातारी आहे, मुलगा नि सून ठाण्याला, घरी जनावर नाही. तिच्या घरापर्यंत आमच्या टाकीवरून पाइप टाकलाय, पंधरा मीटर असेल, त्याहून लांब टाकू नका, प्रेशर राहत नाही. तिला चहा, पेज आणि एखादी भाजी एवढंच लागतं. बदल्यात ती रोज सकाळी आमच्या इनलेटमधलं शेण-पाणी काठीने ढवळून काडीकचरा बाजूला काढते. ते काम वाटतं त्यापेक्षा महत्त्वाचं आहे कारण पेंढा नि माती आत गेली की वर साय धरते आणि गॅस अडतो. वय ऐंशीच्या पुढे आहे, तिला नको म्हटलं तर राग येतो.

पाण्याचं मात्र कठीण आहे आणि याच्यासाठी मी अर्धा स्टार कापलाय. शेणाएवढंच पाणी लागतं, म्हणजे घरटी रोज पंचवीस-तीस लिटर, पावसाळ्यात काही वाटत नाही पण एप्रिल-मेमध्ये विहीर तळाला लागते तेव्हा प्यायला पाणी की गोबर गॅसला पाणी हा वाद होतो. २०२३ च्या मे मध्ये दोन घरांत चांगलंच वाजलं यावरून. मग दोन उपाय निघाले. पहिला तात्पुरता, बाहेर पडणाऱ्या रबडीवरचं पातळ पाणी परत शेण कालवायला वापरायचं, गोठा धुतलेलं पाणीही, फक्त त्यात फिनेल किंवा साबण नको, नाहीतर आतले जंतूच मरतात. आणि दुसरा, डिसेंबरात व्हाळाची धार बारीक झाली की सिमेंटच्या रिकाम्या गोणींत माती-वाळू भरून वनराई बंधारे घालायचे. आधी गावात एक घालायचे, आता आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला तीन घालतो, एका रविवारी सगळे, चाकरमानी आले असतील तर तेही, दुपारी काकीच्या हातची कुळथाची पिठी नि भात, शिजतो अर्थात गोबर गॅसवर. विहिरीला पूर्वी मेच्या सुरुवातीला तळ दिसायचा, गेली दोन वर्षं मेच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत पाणी राहिलं.

आता लोक विचारतात ते. वास येतो का? पेटलेल्या गॅसला नाही. न पेटलेल्याला कुजलेल्या अंड्यासारखा येतो आणि तो येतो तेच बरं, गळती लगेच कळते. बाहेर पडलेल्या रबडीला ताज्या शेणाइतका वास नाही आणि माशाही कमी. पण आउटलेटच्या खड्ड्यात रबडी साचू दिली तर डास होतात हे खरं, रोजच्या रोज पाटाने बागेत सोडायची किंवा पालापाचोळ्यात मुरवायची.

सिलिंडरची शेगडी चालते का? तशीच्या तशी नाही. गोबर गॅसचं प्रेशर कमी असतं नि त्यात मिथेन पंचावन-साठ टक्केच, म्हणून जेटचं भोक मोठं लागतं. बायोगॅसची वेगळी शेगडी मिळते ती घ्या. आमची पहिली शेगडी दोन वर्षांत गंजली, त्या गॅसमध्येच गंज आणणारं असतं काहीतरी, दुसरी बिडाची घेतली ती अजून ठीक आहे. ज्योत फडफडायला लागली की समजायचं पाइपात पाणी धरलंय, खालचा पाणी काढायचा कॉक उघडायचा, चमचाभर पाणी निघतं नि ज्योत सरळ होते.

थंडीत बंद पडतो का? देशावर, घाटावर कमी होतो म्हणतात. आतल्या जंतूंना तीस-पस्तीस डिग्री आवडते, वीसच्या खाली गेलं की ते सुस्त होतात. आपल्याकडे एवढी थंडीच नाही, डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे थोडा कमी वाटतो इतकंच. या बाबतीत कोकणासारखी जागा नाही. पण पावसाची काळजी घ्या, इनलेटवर पत्रा टाका नाहीतर पावसाचं पाणी आत जाऊन रबडी पातळ होते, आणि टाकी जूनच्या आत भरलेली असू द्या कारण जमिनीतलं पाणी वर चढतं आणि रिकाम्या टाकीला खालून रेटतं.

चूल गेली का? नाही गेली, आणि जाईल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. उकडे तांदूळ करायला मोठ्या भांड्यात भात उकडायचा असतो त्याला चूलच लागते, आंघोळीचं पाणी चुलीवर, आणि भाकरी निखाऱ्यावर फुगते तशी गोबर गॅसवर फुगत नाही, सासूबाई तव्यावरच फडक्याने दाबून फुगवतात. पण लाकूडफाटा निम्म्यावर आला. आमच्याकडे वर्षाला दोन गाड्या लाकडं लागायची, आता एक पुरते. कोकणातलं जंगल बरंचसं खाजगी मालकीचं आणि ठेकेदाराला घाऊक विकलं जातं, आमच्या समोरचा डोंगर मी लग्न होऊन आले तेव्हा काळा-हिरवा दिसायचा, मधे पूर्ण बोडका झाला होता. आता किंजळ नि आईनाला फुटवे आलेत. ते सगळं आमच्यामुळे असं मी म्हणणार नाही पण आमच्या अकरा घरांची कोयती तिकडे कमी चालते एवढं नक्की.

सिलिंडर किती वाचला? आधी वर्षाला नऊ-दहा लागायचे, आता तीन. २०२३ च्या मार्चमध्ये सिलिंडर अकराशेच्या वर गेला होता तेव्हाचा हिशोब धरला तर वर्षाचे सात हजार. नुसत्या पैशाच्या हिशोबात सहा वर्षांत खर्च वसूल, रबडीचा पैसा धरलेला नाही.

आणि रबडीबद्दल मला खूप बोलायचंय कारण गॅसपेक्षा मला ती आवडते. माड, पोफळी, काजू सगळ्यांना घालतो, दिवाळीनंतर लाल भाजी, मुळा, वाली, मिरची लावतो, गेली तीन वर्षं रासायनिक खताची गोणी आमच्या घरी आलेली नाही. तरव्यासाठी, म्हणजे भाताच्या रोपांच्या वाफ्यासाठी, भाजावळ करायची पद्धत आहे ना आपल्याकडे, कवळ तोडून, पालापाचोळा, शेण पसरून जाळायचं, एवढं शेण नि एवढी झाडाची फांदी नुसती धूर करून टाकायची, ती आमच्या वाडीतल्या निम्म्या घरांनी सोडली, तिथे रबडी नि कुजलेला पाला घालतात. रोप जोमदार येतं. मात्र एक खरं सांगते, भाजल्यामुळे तणाचं बी मरतं ते आता मरत नाही, त्यामुळे तरव्यात बेणणी दोनदा करावी लागते, आणि ज्या घरात बाया कमी आहेत त्यांना ते झेपत नाही. म्हणून निम्मी घरं अजून भाजतात, कोणी त्यांना नावं ठेवत नाही.

संडास जोडावा का यावर आमच्याकडे अजून एकमत नाही. तांत्रिकदृष्ट्या काही अडचण नाही, १८९७ साली मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून गॅस करून तो वापरलेला आहे, आणि आपल्या कणकवलीच्या गोपुरी आश्रमात कोकणचे गांधी म्हणतात त्या अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचं सोनखत करण्याचे प्रयोग केले, लोकांची घाण वाटायची सवय मोडावी म्हणून स्वतः हातात घेऊन केले. माझा नवरा म्हणतो जोडूया, शेण कमी पडतं ते भरून निघेल. सासूबाई म्हणतात त्या शेगडीवर माझ्या गणपतीचे मोदक वाफवतात. मला दोघांचंही पटतं. सध्या जोडलेला नाही आणि सासूबाई आहेत तोवर जोडणार नाही, ते त्यांचं स्वयंपाकघर आहे.

चतुर्थीला मोदकांचंच सांगते. यंदा घरात एकवीस माणसं होती. दोन दिवस आधीपासून आम्ही रात्रीचं जेवण चुलीवर केलं, गॅस साठवला, तरी तिसऱ्या घाण्याला ज्योत बसत बसत गेली. मी सिलिंडर लावायला उठले तर काकीची सून मोदकपात्रच उचलून घेऊन गेली, तिच्याकडे गॅस होता, तिथे वाफवून केळीच्या पानाने झाकून परत आणून दिले. असं आता सहज होतं, कोणी विचारतही नाही.

बंद पडलेल्या आठव्या प्लांटबद्दल. ते घर म्हणजे नवरा-बायको दोघंच, मुलाकडे पुण्याला गेले, जाताना दोन्ही गाई विकल्या. वाईट वाटतं पण त्यांना दोष कसा देणार. कोकणात गोठे रिकामे होतायत हा याच्यापुढचा सगळ्यात मोठा प्रश्न आहे आणि माझा उरलेला अर्धा स्टार त्याच्यासाठी कापलेला आहे. जनावर नाही तर गोबर गॅस नाही. पण उलटही बघितलंय, आमच्याकडचा पाडा गेल्या वर्षी विकायचं ठरत होतं आणि सासूबाईंनी वहीतल्या रेघा मोजून दाखवल्या की तो गेला तर महिन्याला किती घमेली उसनी घ्यावी लागतील. पाडा राहिला.

तुम्हाला बांधायचा असेल तर सिंधुदुर्गात झारापच्या भगीरथ प्रतिष्ठानाने गावोगावी बायोगॅसचं खूप काम केलेलं आहे, त्यांनी बांधलेले प्लांट आधी जाऊन बघा, वापरणाऱ्या बाईशी बोला, पुरुषांशी नको, शेगडीसमोर कोण बसतं तिला विचारा. गवंड्याने बांधलेले तीन तरी चालू प्लांट बघितल्याशिवाय त्याला आगाऊ पैसे देऊ नका. आणि मुंबईत राहून गावच्या बंद घरात बांधायचा विचार असेल तर सरळ सांगते, बांधू नका, त्या पैशातून वाडीत जो राहतोय नि ज्याच्याकडे दोन जनावरं आहेत त्याला बांधून द्या, तुम्ही मे महिन्यात आणि गणपतीत याल तेव्हा चहा तो पाजेलच.

बंद पडलेल्या त्या प्लांटचं परवा बैठकीत ठरलंय. पुण्याला फोन झाला, त्यांनी होय म्हटलं, दिवाळीनंतर टाकी उपसून साफ करायची आणि शेजारच्या घराने वापरायची. वहीत नवीन पान घातलंय, वर त्या घराचं नाव लिहून ठेवलंय, पहिली भरणी आम्ही सगळे मिळून करणार, प्रत्येकी वीस घमेली.